लादीखालचे काम

ज्या कामावर उद्या झाकण बसणार आहे आणि जे पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडण्याचा संभव नाही, ते काम नीट करण्याचे बंधन माणसावर असते काय? आणि असलेच, तर ते कोणाचे? एखाद्याला हा निव्वळ काथ्याकूट वाटेल. सज्जन माणूस चटकन म्हणेल, "ह्यात विचारायचे काय? काम नीटच करावे." परंतु एवढ्याने प्रश्न सुटला असता, तर पहिल्याच पावसाळ्यात नव्या इमारतींच्या भिंतींना ओल आली नसती. काम नीट करावे हे सर्वांना ठाऊक असते. का करावे, हे मात्र जो तो आपल्या सोयीने ठरवीत असतो, आणि जिथे कोणी पाहत नाही तिथे ती सोय फार लवकर सापडते.

ह्या प्रश्नाची तीन उत्तरे आपण परंपरेने ऐकत आलो आहोत. पहिले असे की, देव पाहतो. श्रद्धावंताला ते पुरेसे असेल. पण नारळ फोडून कामाला प्रारंभ करणारे आणि मग सिमेंटात वाळूचे घमेले हळूच वाढविणारे हात एकच असल्याचे मी पाहिले आहे. दुसरे उत्तर असे की, आपले मन आपल्याला खाते. आता मनासारखा समजूतदार साक्षीदार जगात दुसरा नाही. त्याला थोडे चुचकारले, थोडी अडचण सांगितली, की ते साक्ष फिरवते. तिसरे उत्तर नावलौकिकाचे. ते खरे आहे, परंतु दिसणाऱ्या कामापुरतेच. जे दिसत नाही त्याचा लौकिकही होत नाही आणि दुर्लौकिकही होत नाही.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन नावाचे पात्र एका अंगठीची गोष्ट सांगते. एका मेंढपाळाला जमिनीच्या भेगेत एक अंगठी मिळते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की घालणारा अदृश्य होतो. मेंढपाळ राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकॉनचे म्हणणे असे की, अशी अंगठी मिळाल्यावर सज्जन कोण आणि दुर्जन कोण हे ओळखू येणार नाही. गोष्ट मोठी मार्मिक आहे. तथापि आपल्या रोजच्या व्यवहाराला ती नेमकी लागू पडत नाही असे मला वाटते. आपल्यापैकी कोणाला अदृश्य होता येत नाही. आपण दिसतच राहतो. अदृश्य होते ते आपले काम. माणूस हसतमुखाने दारात उभा असतो, मजुरी मोजून घेतो, चहा पितो, आणि त्याने केलेले अर्धे काम तोवर जमिनीखाली गेलेले असते. राज्य मिळविण्यासाठी कोणी हे करीत नाही. दोन दिवस वाचावेत, चार पोती वाचावीत, एवढाच हेतू असतो. म्हणूनच ह्या पापाला कोणी पाप म्हणत नाही.

हा विचार माझ्या डोक्यात ग्रंथ वाचून आला नाही. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. शाळेत शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबरी लिहावी, असा माझा क्रम. थापी आणि ओळंबा ह्यांचा माझा संबंध शब्दकोशापुरता. परंतु साताऱ्यातले आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे आणि त्याखाली एक काकू राहतात. गेल्या वर्षी त्या जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, रागावू नका हो, पण तुमच्या न्हाणीतलं पाणी आमच्या छतातून उतरतंय." खाली जाऊन पाहिले. छताचा गिलावा हातभर फुगला होता, एका जागी तो पडून आतली सळई उघडी झाली होती, आणि सळईला गंज चढला होता. लोखंड गंजले म्हणजे फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येते; मग त्या भेगेतून आणखी पाणी शिरते आणि आणखी गंज चढतो. त्या जागेच्या बरोबर खाली काकूंचा नातू पाट मांडून अभ्यासाला बसत असे. काकूंनी तो पाट दोन हात सरकवून ठेवला होता. बाकी काही न बोलता त्यांनी मला तो सरकवलेला पाट दाखविला.

सल्ला देणारे पुष्कळ भेटले. एकाने सांगितले की, जुन्या लाद्यांवरच नव्या बसवून घ्या. एका दिवसात काम होते, तोडफोड नाही, धूळ नाही. दुसऱ्याने सांगितले की, सांध्यांत पांढरे सिमेंट भरा आणि खालून गिलावा करून द्या. दोन पावसाळे तरी निभतात. तिसरा अधिक व्यवहारी होता. तो म्हणाला, "गिलावा करा, रंग द्या, आणि दोन वर्षांत घर विकून मोकळे व्हा." ग्लॉकॉनची अंगठी मी पाहिली ती इथे. तिला खडा नव्हता. ती काळाची केलेली होती. ओल उमटायला वर्षे लागतात, आणि ती उमटते तेव्हा काम करणारा, करवून घेणारा, कधीकधी घराचा मालकसुद्धा बदललेला असतो. एवढे सुरक्षित अदृश्यत्व कोणत्या जादूगाराला साधणार?

मी जे केले ते ह्या तिघांच्याही सल्ल्याविरुद्ध केले. पण त्यात माझा मोठेपणा फारसा नाही. मे महिन्याची सुट्टी होती, पैसे बेताचे होते, आणि ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री होते. चाळीस वर्षे उकिडवे बसून त्यांचे गुडघे गेले होते; आता त्यांना खाली बसवत नसे. ते म्हणाले, "गुरुजी, मी स्टुलावर बसून सांगतो, हात तुमचे चालवा." त्यांची रोजची पूर्ण हजेरी मी द्यायची आणि त्यांचे ज्ञान माझ्या हातांतून उतरवायचे, असा करार झाला. शाळेत मी जे करतो ते इथे उलटे झाले. मी विद्यार्थी झालो.

न्हाणीघर सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. छन्नी आणि हातोडा घेऊन जाळीच्या बाजूने सुरुवात केली. लादी निघाली की तिच्या पाठीकडे पाहायचे, असे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी शिकविले. ज्या लादीच्या पाठीला माल सगळीकडे चिकटलेला असतो ती बसवणारा कारागीर. जिच्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये एकेक गोळा असतो ती बसवणारा घाईचा. आमच्या लाद्यांच्या पाठींवर पाच-पाच गोळे होते आणि मधल्या पोकळीत वर्षानुवर्षांचे पाणी मुरले होते. लाद्यांखाली जो खड्डा भरून घेतलेला असतो, ज्यातून नळ जातात, तिथे विटांच्या तुकड्यांचा कोबा असायला हवा होता. त्याऐवजी निघाली ती गिलाव्याची ढेपळे, माती, आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचे कागद. वरची लादी मात्र फार सुरेख होती. फिकट निळी, वर पांढरी वेल. पंधरा वर्षे आम्ही त्या वेलीचे कौतुक करीत आलो होतो.

पहिला राग अर्थातच त्या अनामिक कारागिराचा आला. परंतु मिस्त्रींनी त्याची बाजू घेतली. ते म्हणाले, "त्याला पैसे कशाचे मिळाले असतील? लादीच्या चौरस फुटाचे. खालच्या भरावाचा दर कोणी विचारतं का?" मी निरुत्तर झालो. घर घेताना आम्ही नळ फिरवून पाहिले होते, दारे लावून-उघडून पाहिली होती, लादीचा रंग पाहिला होता. खाली काय घातले आहे, हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. कोणीच विचारीत नाही. जो समाज दिसणाऱ्याचेच मोल देतो, त्याला न दिसणारे काम वाईट मिळाले तर त्याची तक्रार अर्धीच खरी आहे. त्या कारागिराचा दोष ह्यामुळे पुसला जात नाही. काकूंच्या छतातली सळई त्याच्या दरपत्रकाकडे पाहून गंजायची थांबली नाही. पण दोष एकट्याचा नसतो, एवढे मी त्या खड्ड्यात उभा राहून शिकलो.

मग खरे काम सुरू झाले. खड्डा खरवडून, झाडून, धुऊन खालचे काँक्रीट उघडे केले. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्याला मालाची गोलाई दिली. गवंडी तिला 'वाटा' म्हणतात. काटकोनात पाणी अडते आणि भेग पडते, गोलाईवरून ते ओघळते. मग पाणी न झिरपू देणाऱ्या लेपाचे दोन हात, पहिला आडवा आणि दुसरा उभा, आणि भिंतीवरही फूटभर चढवलेले. माझा असा समज होता की, सिमेंट वाळून घट्ट होते. वस्तुतः ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणूनच त्याला दिवसेंदिवस ओले ठेवावे लागते. ज्या पदार्थाने पाण्याला अडवायचे, त्याला आधी पाणी पाजावे लागते, ह्याची मला मोठी मौज वाटली.

लेप पुरता तयार झाल्यावर जाळीचे तोंड बोळ्याने बंद करून न्हाणीत पाणी भरले आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. हे पाणी दोन-तीन दिवस तसेच ठेवायचे. शाळा उघडायला थोडे दिवस उरले होते, आणि माझ्या मनात आले की, एक रात्र पुरे झाली. मिस्त्रींना तसे म्हणालोही. ते म्हणाले, "घाई तुम्हाला आहे, गुरुजी. पाण्याला नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलेले दिसले आणि माझा चेहरा उतरला. पण मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी शेजारी पाण्याने भरलेले एक पसरट घमेले ठेवून त्यावरही खूण करून घेतली होती. मे महिन्याच्या उष्म्याने पाणी उडतेच. घमेल्यातले पाणी जेवढे उतरले होते तेवढेच न्हाणीतले उतरले होते. खाली जाऊन काकूंचे छत पाहिले. कोरडे होते.

इथे कोणी अशी शंका काढील की, पाणीच जर परीक्षा घेणार असेल, तर ह्यात नीतीचा प्रश्न उरतो कुठे? गळेल ह्या भीतीने काम नीट केले, एवढेच. ह्या शंकेचा मी पुष्कळ विचार केला. समजा, मी एका रात्रीत पाणी काढून टाकले असते आणि न्हाणी पुढे कधीही गळली नसती. मग माझ्या हातून काही वाईट घडले असे म्हणता आले असते काय? मला वाटते, आले असते. कारण न गळणे हे माझे कर्तृत्व ठरले नसते. तो योगायोग ठरला असता. आणि तो योगायोग मी माझ्या जिवावर घेतला नसता, तर खाली पाट मांडून बसणाऱ्या मुलाच्या जिवावर घेतला असता. स्वतःच्या जिवावर जुगार खेळणाऱ्याला आपण फार तर वेडा म्हणतो. दुसऱ्याच्या जिवावर, त्याला न विचारता खेळणाऱ्याला मात्र वेगळे नाव द्यावे लागते, मग तो डाव जिंकला तरी.

ह्यातून दुसरी एक गोष्ट निघते, आणि ती आमच्यासारख्या हेतूचे स्तोम माजविणाऱ्यांना गैरसोयीची आहे. माझा हेतू पहिल्या दिवसापासून शुद्ध होता. परंतु मिस्त्री स्टुलावर नसते, तर त्या शुद्ध हेतूसह मी कोपरे काटकोनातच ठेवले असते. काकूंच्या छताच्या दृष्टीने प्रामाणिक अडाणी आणि लबाड जाणकार ह्यांच्यांत काडीचा फरक नाही. तेव्हा ज्या कामावर दुसऱ्याचे काही अवलंबून आहे, ते हाती घेताना ते शिकून घेणे हे नुसते शहाणपण नव्हे, ते कर्तव्यच आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि तिचा आराखडा करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन ह्यांची समिती नेमली गेली. आम्ही शिक्षकांनी त्या कल्पनेचे पुढे सूतकताईच्या तासात रूपांतर करून टाकले. तिच्यातले मर्म मला आता थोडेसे उमगते. हाताने काम करणाऱ्याला आपल्या हेतूचा आधार घेता येत नाही. ओळंबा हेतू पाहत नाही.

पण मग ह्या काळजीला मर्यादा कोणती? न दिसणाऱ्या कामात जीव ओतण्याचाही एक अहंकार असतो, आणि कादंबरी लिहिणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. कोबा घातल्यावर मी थापी घेऊन त्याचा पृष्ठभाग घोटू लागलो. तो काचेसारखा गुळगुळीत होऊ लागला होता आणि मला धन्य वाटत होते. मिस्त्रींनी हात धरला. ते म्हणाले, "गुळगुळीत कशाला? वरची लादी धरणार कशाला? खरबरीतच ठेवा." आणि त्यांनी माझ्याकडून झाडूच्या हिरांनी त्यावर रेघा ओढवून घेतल्या. हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत होतो. लादीखालचे काम सुंदर असून चालत नाही. त्याने वरच्याला धरून ठेवायचे असते, आणि त्यासाठी ते ओबडधोबड राहणेच योग्य असते. माझ्या समाधानाला तिथे जागा नव्हती. त्या कामाचे माप माझ्याजवळ नव्हतेच. वर उभा राहणारा आणि खाली राहणारा, ह्या दोघांची गरज हेच त्याचे माप होते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले असे वाटते. झाकल्या जाणाऱ्या कामाचे ऋण असते ते अशा माणसाचे, ज्याला त्या कामावर विसंबावे तर लागते पण ते तपासून पाहता येत नाही. काकूंना माझ्या न्हाणीचा तळ कधी दिसणार नव्हता. त्यांच्या नातवाला तर असा काही तळ असतो हेही ठाऊक नाही. विचार केला तर आपण सगळेच सदासर्वदा असेच असतो. ज्या पुलावरून जातो त्याचा पाया आपण पाहिलेला नसतो. जे औषध घेतो ते कोणी कसे कुटले हे ठाऊक नसते. पहिलीत ज्याने अक्षर गिरवून घेतले त्याचे काम मॅट्रिकच्या गुणपत्रकात दिसत नाही. ह्या न पाहिलेल्या कामांवर आपण पाय टाकतो आणि तो खाली जात नाही, ह्यालाच बहुधा संस्कृती म्हणत असावेत. देवळांचे कळस आणि राजवाड्यांच्या कमानी हा तिचा वरचा भाग झाला.

मोहेंजोदडोचे मोठे स्नानकुंड 1925-26 च्या उत्खननात उघडे झाले. सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल असे ते कुंड चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. त्याच्या विटा जिप्समच्या मालात घट्ट बसविलेल्या आहेत, तळाला एका कोपऱ्याकडे ढाळ आहे, आणि भिंतीच्या विटांच्या आड, बाहेरून अजिबात दिसणार नाही असा, डांबराचा एक थर दिलेला आहे. त्या लोकांची लिपी आज आपल्याला वाचता येत नाही. त्यांचा देव कोणता, राजा कोण, ह्यावर विद्वानांचे एकमत नाही. परंतु विटेआड डांबर घालणाऱ्या त्या माणसाचे म्हणणे मला नीट कळते. आमच्या न्हाणीलाही मी ढाळ दिला तो त्याच्याच नियमाने: सहा फुटांत जेमतेम दोन सेंटिमीटर, पाणी वाहील पण पाय घसरणार नाही एवढा.

लाद्या बसविल्या त्या मोरबीच्या, एक फुटी, खरबरीत, रंगाने मातकट. दातेरी थापीने माल पसरून एकेक लादी दाबायची, पाणसळ लावायची, आणि माल धरला की दुसऱ्या दिवशी मुठीने ठोकून आवाज ऐकायचा. भरीव लादी टणक बोलते, पोकळ लादी बद्द बोलते. मिस्त्री डोळे मिटून ऐकत. शेवटी सांधे भरले आणि सगळे झाकले गेले. घरी येणाऱ्या पाहुण्यांना आता चोवीस साध्या लाद्या दिसतात. जुन्या निळ्या लाद्या अधिक छान होत्या, असे एक-दोघांनी बोलूनही दाखविले.

मिस्त्रींनी अखेरच्या दिवशी एक काम सांगितले, ते मला ह्या सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी माझ्याकडून कागदावर न्हाणीचा नकाशा काढून घेतला: कोणता नळ कुठून गेला आहे, खाली कोणते थर आहेत, लेप कोणत्या तारखेला दिला. तो कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे. कधीतरी कोणी अनोळखी माणूस ही लादी पुन्हा उचलील. ती उचलण्याची वेळ येऊ नये असे काम करावे, हे खरेच; पण कोणतेच काम तसे नसते. ज्याला उद्या आपले झाकण उघडायचे आहे, त्याला आत काय आहे हे आधी सांगून ठेवणे, हाही त्या ऋणाचाच भाग आहे. नीट केलेले झाकावे, आणि काय झाकले ते लिहून ठेवावे. ह्याहून अधिक काही लादीखालच्या कामाकडून मागता येईल असे मला वाटत नाही.